गणित, मापन आणि तफावत
भौतिकशास्त्रातील अलीकडील संशोधनाचा एक आढावा

गणिताने वर्तविलेले उत्तर आणि प्रत्यक्ष मापनातून मिळालेले उत्तर यांचा मेळ बसला म्हणजे शास्त्रज्ञाचे समाधान होते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. भौतिकशास्त्राच्या इतिहासात जी मोठी स्थित्यंतरे घडून आली, त्यांपैकी कितीतरींचा उगम हा मेळ न बसण्यात होता.

एकोणिसाव्या शतकातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. युरेनस हा ग्रह न्यूटनच्या नियमांनी ठरवून दिलेल्या मार्गापासून किंचित ढळतो, असे निरीक्षकांना आढळून आले होते. पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असावा व त्याच्या आकर्षणामुळे हे घडत असावे, असा तर्क करून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने त्या ग्रहाचे स्थान गणिताने काढले. १८४६ च्या सप्टेंबर महिन्यात बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले याने दुर्बिणीतून पाहताच त्या जागेच्या अगदी निकट नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही अशीच तफावत दिसून आली. एका अंशाचे ३,६०० भाग केले असता त्यांतील एका भागास विकला म्हणतात. बुधाच्या कक्षेचे सूर्यसमीप टोक दर शतकात सुमारे ४३ विकला अधिक सरकत होते. येथेही एक अज्ञात ग्रह कल्पिण्यात आला, त्याला ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले; पण तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. या वेळी दोष न्यूटनच्या सिद्धांतातच होता. १९१५ साली आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला, तेव्हा त्या ४३ विकलांचा हिशेब आपोआप लागला.

तात्पर्य, तफावत आढळली म्हणजे तिचा अर्थ एकच असतो असे नाही. एखादी वस्तू आपल्या नजरेतून सुटलेली असेल, सिद्धांत अपुरा असेल, गणित कच्चे असेल, अथवा उपकरणातच काही बिघाड असेल. यांपैकी खरे कारण कोणते, हे ठरविण्यासाठी कधी कधी एखाद्या संशोधकाचे सारे आयुष्य खर्ची पडते. गेल्या काही दशकांत भौतिकशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांत जे संशोधन झाले, त्याचा परिचय या दृष्टीने करून घेणे उद्बोधक ठरेल.

सूर्याचे हरवलेले न्यूट्रिनो

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे मीलन होऊन हेलियम तयार होतो आणि त्यातून सूर्याची ऊर्जा निर्माण होते. या प्रक्रियेत न्यूट्रिनो नावाचे मूलकणही बाहेर पडतात. त्यांच्यावर विद्युत्भार नसतो आणि पदार्थाशी त्यांची आंतरक्रिया इतकी क्षीण असते की संपूर्ण पृथ्वीतूनही ते सहज आरपार निघून जातात. पृथ्वीवरील प्रत्येक चौरस सेंटिमीटर क्षेत्रातून दर सेकंदाला सुमारे ६५ अब्ज सौर न्यूट्रिनो जात असतात. पण कोणास त्याची जाणीवही होत नाही. पाउली याने १९३० साली या कणाची कल्पना मांडली आणि १९५६ साली राइन्स व कोवन यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला.

असे कण टिपावयाचे तर अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा मारा टाळला पाहिजे, आणि त्यासाठी खोल खाणीसारखी दुसरी जागा नाही. या बाबतीत भारताचा वाटा आरंभापासूनचा आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहूनही अधिक खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीतही असेच निरीक्षण झाले. वातावरणीय न्यूट्रिनोंचा जगाला मिळालेला हा पहिला पुरावा होय.

सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो मोजण्याचे काम अमेरिकेतील रेमंड डेव्हिस यांनी हाती घेतले. साउथ डाकोटा राज्यातील एका खाणीत त्यांनी सुमारे ३,८०,००० लिटर द्रव भरलेली टाकी बसविली. हा द्रव म्हणजे कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगसाठी वापरले जाणारे क्लोरीनयुक्त रसायन होते. क्वचित एखादा न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणुकेंद्रावर आदळला की त्याचे रूपांतर किरणोत्सारी आर्गॉनमध्ये होई. त्या महाकाय टाकीतून आर्गॉनचे मोजके अणू वेचून काढावयाचे, असे ते विलक्षण चिकाटीचे काम होते. जॉन बाकॉल यांच्या गणितानुसार जितके न्यूट्रिनो मिळावयास हवे होते, त्यांच्या सुमारे एकतृतीयांशच मिळाले. प्रयोग वर्षानुवर्षे चालला, उपकरणे पुनःपुन्हा तपासली गेली. तफावत मात्र तशीच राहिली.

डेव्हिस यांचे मापन चुकले असावे, असे काहींना वाटे. बाकॉल यांचे सूर्याविषयीचे गणित चुकले असावे, असे इतरांना वाटे. प्रत्यक्षात दोघेही बरोबर होते. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि डेव्हिस यांची टाकी त्यांपैकी एकच प्रकार ओळखू शकत होती. जपानमधील सुपर-कामिओकांडे या ५०,००० टन पाण्याच्या भूमिगत संवेदकाने १९९८ साली दाखवून दिले की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने, म्हणजे लांबचा प्रवास करून येणाऱ्या वातावरणीय न्यूट्रिनोंपैकी एका विशिष्ट प्रकारचे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरतात. वाटेत त्यांचा प्रकार बदलतो. त्यानंतर कॅनडातील सडबरी येथे १,००० टन जड पाण्याचा उपयोग करून २००१ व २००२ साली तिन्ही प्रकारांची एकूण संख्या मोजण्यात आली. ती बाकॉल यांच्या गणिताशी जुळली. सूर्यातून निघालेले न्यूट्रिनो हरवले नव्हते; त्यांनी केवळ रूप पालटले होते.

या निष्कर्षाचे महत्त्व सूर्यापुरते मर्यादित नाही. ज्या कणाला वस्तुमानच नाही त्याला असे रूपांतर करता येणार नाही, असे पुंजयामिकी सांगते. यास्तव न्यूट्रिनोंना वस्तुमान असलेच पाहिजे. आणि मूलकणांच्या प्रमाण सिद्धांतात ते शून्य धरले होते. ते वस्तुमान नेमके किती, हे अद्याप ठरलेले नाही. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील प्रयोगाने २०२५ साली त्याची जी कमाल मर्यादा जाहीर केली, ती इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. काजिता व मॅक्डोनल्ड यांना या रूपांतराच्या शोधाबद्दल २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोलारची खाण २००१ साली बंद पडली. तिच्यातील परंपरा पुढे चालविण्यासाठी तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात एक नवी भूमिगत न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०१५ च्या आरंभी मंजुरी दिली. परंतु पर्यावरणविषयक आक्षेप व स्थानिक विरोध यांमुळे हा प्रकल्प रखडला. विज्ञानाच्या प्रगतीला प्रयोगशाळेइतकीच समाजाच्या संमतीचीही आवश्यकता असते, हे या प्रकरणावरून दिसून येते.

गुरुत्वीय तरंगांचा वेध

न्यूट्रिनोंच्या बाबतीत मापनाने गणिताला कोड्यात टाकले. गुरुत्वीय तरंगांच्या बाबतीत गणित आधी तयार होते आणि मापनाला तेथवर पोहोचण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू वेगाने एकमेकींभोवती फिरू लागल्या म्हणजे अवकाश-काळात तरंग उठतात, असे आइन्स्टाइनने १९१६ साली दाखवून दिले होते. मात्र हे तरंग इतके दुबळे असतात की ते कधी मोजता येतील याविषयी पुष्कळांना शंका होती.

अमेरिकेत सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर उभारलेल्या ‘लायगो’ या जुळ्या वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ही शंका दूर केली. प्रत्येक वेधशाळेत परस्परांशी काटकोन करणाऱ्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या असून त्यांतून लेसर किरण जा-ये करतात. त्या दिवशी या लांबीत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाहून काहीशे पटींनी लहान होता. सूर्याच्या अनुक्रमे सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षे अंतरावर एकमेकांत विलीन झाली होती. सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमान क्षणार्धात तरंगांच्या रूपाने विश्वात पसरले होते.

एवढा क्षीण संकेत गोंगाटातून निवडावयाचा तर तो कसा असेल हे आधी ठाऊक असावे लागते. या पूर्वतयारीत भारतीय शास्त्रज्ञांचे कार्य मोलाचे आहे. क्षुब्ध झालेले कृष्णविवर आघात झालेल्या घंटेप्रमाणे ठरावीक स्वरात ‘निनादते’ व तो निनाद लवकरच विरून जातो, हे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० साली गणिताने दाखविले होते. बाला अय्यर यांनी जोडताऱ्यांपासून निघणाऱ्या तरंगांचे सूक्ष्म गणित केले. पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी अपेक्षित संकेताचे साचे तयार करून त्यांच्याशी नोंदी ताडून पाहण्याच्या पद्धतीचा पाया घातला. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या एका विशेष स्पष्ट संकेतात हा निनाद पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ दिसला. दोन कृष्णविवरांचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते, तर विलीनीकरणानंतर ते सुमारे ४,००,००० चौरस किलोमीटर झाले. असे पृष्ठफळ कधीही घटू शकत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली केलेले विधान त्यामुळे कसोटीस उतरले.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याचा संकेत मिळाला व अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच दिशेकडून गॅमा किरण आले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर दोहोंत एवढेच अंतर पडले, यावरून गुरुत्वीय तरंगांचा वेग प्रकाशाइतकाच असल्याचे सिद्ध झाले. सोने व प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचाही पुरावा मिळाला.

याहून कितीतरी मोठ्या तरंगलांबीचे तरंग टिपण्यासाठी पृथ्वीवरील नळ्या उपयोगी पडत नाहीत. तेथे स्पंदक ताऱ्यांच्या नियमित ठोक्यांचाच घड्याळ म्हणून उपयोग केला जातो. जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी असे तरंग असल्याचा पुरावा एकाच वेळी जाहीर केला. त्यांतील युरोपीय गटाबरोबर भारतीय गटही होता आणि त्याने पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे वापरली होती. लायगोची तिसरी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. दूरवरच्या तिसऱ्या ठिकाणाहून संकेत मिळाला म्हणजे तो आकाशात नेमका कोठून आला, हे अधिक अचूकपणे सांगता येते.

म्युऑनचे कोडे

म्युऑन हा कण इलेक्ट्रॉनचाच जणू थोरला भाऊ होय. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट असून तो सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. प्रत्येक म्युऑन हा एक सूक्ष्म चुंबकच असतो. त्याच्या चुंबकत्वाचा निदर्शक अंक डिरॅकच्या समीकरणानुसार २ यावयास हवा. प्रत्यक्षात तो सुमारे २.००२३३१८४ आहे. हा अल्पसा फरक निर्वात अवकाशात क्षणमात्र प्रकट होऊन लोपणाऱ्या कणांमुळे पडतो. तेव्हा एखादा अज्ञात कण विश्वात असेल तर त्याचाही परिणाम या अंकात उमटला पाहिजे.

अमेरिकेतील ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेने २००१ च्या सुमारास या अंकाचे जे मूल्य काढले ते गणिताशी जुळेना. २०१३ साली प्रयोगातील सुमारे १४ मीटर व्यासाचे चुंबकीय कडे समुद्रमार्गे व रस्त्याने शिकागोजवळच्या फर्मी प्रयोगशाळेत नेण्यात आले. २०२१ साली तेथील पहिल्या निष्कर्षानेही तफावतीला दुजोरा दिला. नव्या कणांची चाहूल लागली, असे अनेकांना वाटू लागले.

परंतु त्याच वेळी महासंगणकांवर केलेल्या एका स्वतंत्र आकडेमोडीने गणिताचेच उत्तर वेगळे दिले, आणि ते प्रयोगाच्या निकट होते. पुढे अशा आकडेमोडी अनेक गटांनी केल्या व त्या परस्परांशी जुळल्या. २०२५ साली सैद्धांतिक मूल्य नव्याने ठरविण्यात आले. त्यानंतर फर्मी प्रयोगशाळेने सुमारे १२७ अब्जांश इतक्या अचूकतेने आपला अंतिम निष्कर्ष जाहीर केला, तेव्हा दोहोंत लक्षणीय तफावत उरली नव्हती. प्रयोग बरोबर होता; गणित सुधारावे लागले. तथापि गणिताच्या जुन्या व नव्या पद्धतींची उत्तरे परस्परांहून भिन्न का येतात, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

घाईचे दावे आणि त्यांची पारख

काही तफावती मुळात नसतातच. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील एका प्रयोगात जिनिव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटर दूर इटलीत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले. संशोधकांनी घाईने निष्कर्ष न काढता इतरांना चूक शोधण्याचे आवाहन केले. काही महिन्यांतच काळमापनाच्या यंत्रणेतील प्रकाशतंतूची एक जोडणी सैल असल्याचे उघडकीस आले व न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या मर्यादेत परतला.

अतिसंवाहकतेच्या क्षेत्रातही असे प्रसंग घडले. काही पदार्थ पुरेसे थंड केले असता त्यांचा विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होतो, हा शोध कामर्लिंग ओनेस याने १९११ साली लावला; त्या वेळी पाऱ्याला उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागले होते. १९८६ साली बेडनोर्झ व म्युलर यांनी शोधलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांमुळे ही मर्यादा झपाट्याने वर सरकली आणि पुढच्याच वर्षी ती द्रव नायट्रोजनच्या तापमानापलीकडे गेली. २०१५ साली हायड्रोजन व गंधक यांच्या संयुगाने, वातावरणाच्या सुमारे १५ लाख पट दाबाखाली, उणे ७० अंशांवर अतिसंवाहकता दाखविली. सामान्य तापमानाला व सामान्य दाबाखाली असा पदार्थ मिळाला तर वीज वाहून नेताना होणारी गळती टळेल. म्हणूनच या क्षेत्रात मोह मोठा आहे. सामान्य तापमानाच्या आसपास अतिसंवाहकता आढळल्याचे सांगणारे २०२० व २०२३ सालचे दोन शोधनिबंध नियतकालिकाने पुढे मागे घेतले. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून शिसे व तांबे असलेल्या एका पदार्थाविषयी असाच दावा झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ तयार करून तपासला आणि काही आठवड्यांतच दावा निराधार ठरला. रोधातील घसरण तांब्याच्या सल्फाइडाच्या भेसळीमुळे होती.

दावा कोणी केला यापेक्षा तो दुसऱ्याच्या हातून पुन्हा सिद्ध होतो की नाही, यालाच विज्ञानात महत्त्व असते. मूलकणांच्या शास्त्रात तर यासाठी एक दंडकच आहे. केवळ योगायोगाने तसा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी कमी असेल तरच ‘शोध’ हा शब्द वापरावयाचा. सर्नमधील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रावर काम करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांनी हा दंडक पाळल्यावरच ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली.

घड्याळांची अचूकता

इतके सूक्ष्म फरक ओळखावयाचे तर मापनाची साधनेही तशीच हवीत. या साधनांमागील एका विचाराचा उगम ढाक्यात आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांची गणना करण्याची नवी रीत मांडली आणि आइन्स्टाइनने ती अणूंना लावली. अतिशय कमी तापमानाला असंख्य अणू एकाच पुंज अवस्थेत जातील, हे भाकीत १९९५ साली कॉर्नेल व वीमन यांनी रुबिडियमच्या अणूंवर खरे करून दाखविले. त्यासाठी तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास आणावे लागले.

अणूंना लेसरच्या साहाय्याने थंड करण्याच्या या तंत्रातूनच नवी प्रकाशीय घड्याळे विकसित झाली. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर आधारलेली आहे. स्ट्रॉन्शियमच्या अणूंवर चालणारी आजची उत्कृष्ट घड्याळे तिच्याही पुढे गेली असून विश्वाच्या वयाइतक्या काळात त्यांत एका सेकंदाचीही चूक होणार नाही. उंचीवर काळ किंचित जलद चालतो, असे सापेक्षता सिद्धांत सांगतो. २०२२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी केवळ एक मिलिमीटर उंचीच्या फरकाने पडणारे हे अंतर मोजून दाखविले.

विश्वप्रसरणाचा अनिर्णित वाद

आज खगोलभौतिकीत जी तफावत सर्वांत अधिक चर्चिली जाते, ती विश्वाच्या प्रसरणवेगाविषयी आहे. आद्य विश्वातून उरलेल्या सूक्ष्मतरंगांचा प्लांक उपग्रहाने जो अभ्यास केला, त्यावरून हा वेग दर मेगापार्सेकला सेकंदास सुमारे ६७ किलोमीटर निघतो. मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. याउलट, रूपविकारी तारे व अतिनवतारे यांच्या अंतरांवरून एका प्रमुख गटाने तो सुमारे ७३ काढला आहे. दोन्ही मापनांतील संभाव्य चूक या फरकापेक्षा पुष्कळ लहान आहे, असे त्या त्या गटांचे म्हणणे आहे.

विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे, हे १९९८ साली आढळले होते. त्यासाठी कल्पिलेल्या कृष्ण ऊर्जेचा वाटा विश्वातील एकूण ऊर्जेत सुमारे ६८ टक्के असून, तारे, ग्रह व सजीव ज्याचे बनले आहेत त्या सामान्य द्रव्याचा वाटा अवघा ५ टक्के आहे. ही ऊर्जा सदैव स्थिर असते असे मानले जाई. अ‍ॅरिझोनातील एका दुर्बिणीने सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वेसार यांचा नकाशा तयार केल्यावर मार्च २०२५ मध्ये असे सूचित झाले की ती काळानुसार क्षीण होत असावी. मात्र वर सांगितलेल्या कडक दंडकास हा पुरावा अजून उतरलेला नाही.

ही तफावत नेपच्यूनच्या जातीची आहे, बुधाच्या जातीची आहे, म्युऑनच्या जातीची आहे, की सैल जोडणीच्या जातीची आहे, हे आज कोणीही निश्चयाने सांगू शकत नाही. ते ठरावयाचे असेल तर निरनिराळ्या पद्धतींनी, निरनिराळ्या देशांतील लोकांनी तीच राशी पुनःपुन्हा मोजली पाहिजे. डेव्हिस यांना आपल्या टाकीतील अणूंचा अर्थ लागण्यासाठी तीन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. आपल्या मापनावर विश्वास ठेवूनही त्यांनी ते तपासण्याचे कधी सोडले नाही. २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय ८८ वर्षांचे होते.